न मरणारा फ्लास्क: जिताड्याच्या पेशी, नोडाविषाणू आणि इंटरफेरॉन

प्रयोगशाळेत वाढवलेल्या, म्हणजे संवर्धित पेशींवर विषाणू टाकला की साधारण दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एकतर पेशी मरतात, नाहीतर विषाणू रुजतच नाही. तिसरीही एक शक्यता असते. पेशी वाढत राहतात, विषाणूही वाढत राहतो आणि मायक्रोस्कोपखाली सगळं निरोगी दिसतं. दक्षिण कोकणातल्या एका छोट्या मत्स्यरोग प्रयोगशाळेत ही तिसरी शक्यता खरी ठरली आणि खाडीत पिंजऱ्यांत मासे वाढवणाऱ्या बायकांच्या एका गटाच्या हाती चुकीचा अहवाल पडता पडता राहिला. त्या प्रकरणाची ही सविस्तर मांडणी. प्रयोगशाळेचं, गटांचं आणि माणसांचं नाव मी देत नाही. त्या काळात पेशीसंवर्धनाच्या कामात सल्ला देण्यासाठी माझं तिथे येणं-जाणं होतं, आणि पुढे सांगितलेल्या चाचण्यांची आखणी आम्ही मिळून केली.

पार्श्वभूमी

जिताडा हा मासा कोकणाला नवा नाही. रायगडच्या खारेपाटात तो तळ्यांत सांभाळण्याची जुनी रीत आहे, आणि अलीकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाड्यांत कांदळवनांच्या कडेने तरंगत्या पिंजऱ्यांतही तो वाढवला जातो. गोडं, निमखारं, खारं असं कुठलंही पाणी त्याला चालतं. अडचण असते ती बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांची. चेन्नईच्या सीबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनावर काम करणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन साध्य केलं. तरी कोकणातल्या पिंजऱ्यांत सोडायची बोटुकली बऱ्याचदा दुसऱ्या किनाऱ्यावरून, पिशव्यांत प्राणवायू भरून, रात्रभराच्या प्रवासाने येते. तिच्याबरोबर काय काय येतं, हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही.

जिताड्याच्या पिल्लांचा सगळ्यात घातक पाहुणा म्हणजे बीटानोडाविषाणू. त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला व्हायरल नर्व्हस नेक्रोसिस, थोडक्यात व्हीएनएन म्हणतात. विषाणूचा कण जेमतेम २५ ते ३० नॅनोमीटरचा असतो. त्याला बाहेरचं चरबीचं आवरण नसतं, आत आरएनएचे दोन तुकडे असतात. तो मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात शिरतो आणि तिथल्या पेशींत पोकळ्या पडतात. भारतात हॅचरीतल्या जिताड्याच्या पिल्लांत हा विषाणू आढळल्याची पहिली नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसाला त्याची बाधा होत नाही, हे इथेच सांगितलेलं बरं. गटांतल्या बायका पहिला प्रश्न तोच विचारतात आणि तो विचारायलाच हवा.

पहिला नमुना

शिमग्याच्या थोडं आधी एका गटाचा फोन आला. पलीकडून शब्द आले ते असे: "मॅडम, मासे गरगर फिरतत आणि उताणे पडतत. खाणा टाकलंय तरी वर येनत नाय." एवढं वर्णन ऐकूनच संशय कुठे जायला हवा ते ठरतं. मेंदू आणि डोळे काढून विषाणूचा आरएनए शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. मेंदूचा लगदा गाळून जिताड्याच्याच ऊतींपासून काढलेल्या पेशींवर टाकला आणि फ्लास्क २८ अंशांवर ठेवले. काही दिवसांत पेशींत पोकळ्या दिसू लागल्या, पेशी गोलाकार झाल्या, थर फाटला. विषाणूमुळे होणारी ही मोडतोड प्रयोगशाळेच्या बोलीत सीपीई. निदान पक्कं झालं, विषाणूचा साठा करून गोठवला, गटाला कळवलं.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण एका फ्लास्कच्या तळाशी पेशींची काही बेटं चिकटून राहिली होती. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने तो फ्लास्क ब्लीचमध्ये न टाकता त्यातला मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव, बदलला आणि वाट पाहिली. बेटं पसरत गेली, तळ भरला. तिने ट्रिप्सिनने पेशी सोडवल्या, एकाच्या तीन फ्लास्कमध्ये वाटल्या, आणि त्याही भरल्या. लेबलवर तिने लिहिलं, 'वाचलेल्या'. तिने तो फ्लास्क राखून ठेवला याचं मला मनापासून कौतुक वाटतं. या विषयातलं बरंचसं ज्ञान असेच, टाकून द्यायचे फ्लास्क कुणीतरी राखून ठेवल्यामुळे मिळालेलं आहे.

पावसाळ्यात घडलेलं

पुढच्या दोन घटना तेव्हा एकमेकींशी संबंधित वाटल्या नाहीत.

पहिली द्रव नायट्रोजनची. तो घाटमाथ्यावरून यायचा. ऐन पावसात दरड कोसळून घाट बंद झाला, कंटेनरमधली पातळी खाली गेली, आणि मूळ, कधीही विषाणू न पाहिलेल्या पेशींच्या कुप्या खराब झाल्या. नंतर वितळवून पाहिल्या तर बहुतेक पेशी मेलेल्या. चालू संवर्धनांपैकी तरतरीत उरलं ते फक्त 'वाचलेल्या' पेशींचं. माशांच्या पेशींसाठी वापरतात तो लिबोविट्झचा एल-१५ मीडियम कार्बन डायऑक्साइडशिवाय चालतो, त्यामुळे वीज जात-येत असतानाही ते संवर्धन तगलं.

दुसरी घटना गणपतीतली. चतुर्थीच्या सुमारास कोकणातली कुठलीही कचेरी रिकामी होते, प्रयोगशाळाही. फ्लास्क जुन्याच मीडियममध्ये राहिले. सुट्टी संपवून सगळे परतले तेव्हा थर चांगला होता, फक्त मीडियम पिवळट झाला होता. तो पूर्ण ओतून देऊन ताजा भरला, पेशी धुतल्याही. त्यानंतर चारेक दिवसांनी थराला भोकं पडली, पेशी सुटून तरंगू लागल्या. सगळ्यांनी उपासमारीला आणि बुरशीच्या शंकेला दोष दिला. पण बुरशी दिसली नाही, आणि हळूहळू थर पुन्हा भरला. वहीत एका ओळीची नोंद राहिली. पुढे हीच ओळ फार उपयोगी पडली.

दुसरा नमुना आणि हललेला पुरावा

दिवाळीनंतर दुसऱ्या एका गटाने नवी बोटुकली आणली आणि पिंजऱ्यात सोडण्याआधी तपासून मागितली. हे फार शहाणपणाचं पाऊल होतं, आणि म्हणूनच इथली चूक जास्त महागात पडली असती. पीसीआरची रसायनं संपली होती, नवी यायला वेळ होता. मग मेंदूचा लगदा 'वाचलेल्या' पेशींवर टाकला गेला, कारण दुसऱ्या पेशी नव्हत्याच. आठवडा गेला, पेशी जशाच्या तशा. आंधळा पॅसेज केला, म्हणजे दिसत काही नसताना तो द्रव पुढच्या फ्लास्कवर टाकून पाहिला, तरीही काही नाही. अहवालाचा मसुदा तयार झाला: विषाणू आढळला नाही.

तो मसुदा सहीसाठी जाण्याआधी विद्यार्थिनीने पॉझिटिव्ह कंट्रोलचा फ्लास्क पाहिला. त्यात शिमग्याच्या वेळी गोठवलेला, थर फाडून टाकणारा तोच विषाणू मुद्दाम टाकलेला होता. तोही फ्लास्क शांत होता. ज्या चाचणीत ओळखीचा विषाणूही दिसत नाही, त्या चाचणीत अनोळखी विषाणू दिसला नाही याला काहीच किंमत उरत नाही. अहवाल थांबला.

आता प्रश्न सरळ होता. या पेशी का मरत नाहीत? उत्तरं तीन संभवत होती. गोठवलेला साठाच मेला असेल. किंवा मूळ थरातल्या जन्मतः प्रतिकारक पेशी, समजा विषाणू चिकटण्याची जागाच नसलेल्या, तेवढ्या निवडून वर आल्या असतील. किंवा पेशींत विषाणू अजून आहे, आणि काहीतरी त्याला आटोक्यात ठेवतंय.

साठा मेल्याची शक्यता लगेच निकालात निघाली. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने ई-११ पेशी दिल्या. डाकू माशाच्या जातीतल्या एका माशापासून काढलेल्या एसएसएन-१ या पेशीरेषेतून वेगळी केलेली ही शाखा नोडाविषाणूसाठी जगभर वापरतात. आपला साठा तिच्यावर टाकताच पेशी झरझर मेल्या. जाता जाता सांगायला हवं, की १९९६ मध्ये ज्या एसएसएन-१ पेशींत हा विषाणू पहिल्यांदा वाढवता आला, त्या पेशींत स्वतःचाच एक रेट्रोविषाणू कायमचा वस्तीला आहे. म्हणजे विषाणू शोधायचं साधनच विषाणूग्रस्त, आणि तरी उत्तम कामाचं. सतत संसर्ग ही प्रयोगशाळेत दुर्मीळ गोष्ट नाही, ती दिसत नाही इतकंच.

इंटरफेरॉनची पार्श्वभूमी

पुढच्या चाचण्या समजण्यासाठी थोडं मागे जायला हवं. १९५७ मध्ये लंडनजवळच्या मिल हिल इथल्या संस्थेत अलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेला इन्फ्लुएंझा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांवर ठेवला. त्या तुकड्यांभोवतीच्या द्रवात असं काही उतरलं, की तो द्रव ताज्या तुकड्यांना पुढच्या संसर्गापासून वाचवू लागला. त्यांनी त्याला इंटरफेरॉन नाव दिलं. त्याआधी १९५४ मध्ये जपानमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनीही विषाणूला रोखणारा असाच एक घटक नोंदवला होता.

इंटरफेरॉन विषाणूला हात लावत नाही. संसर्ग झालेल्या पेशीतले संवेदक विषाणूचा दुहेरी आरएनए ओळखतात, पेशी इंटरफेरॉन बनवून बाहेर सोडते, ते शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकांना जुळतं, आणि त्या पेशी शेकडो जनुकं चालू करतात. त्यातली काही विषाणूचं प्रथिन तयार होणं थांबवतात, काही त्याच्या कणांना अडकवतात. एमएक्स हे त्यातलं गाजलेलं प्रथिन. त्याचा माग लागला तो इन्फ्लुएंझाला न जुमानणाऱ्या उंदरांच्या एका वाणामुळे, आणि त्या उंदरांची १९६२ सालची नोंदही लिंडेनमान यांचीच. माशांतही ही सगळी यंत्रणा आहे. माशांच्या पेशी इंटरफेरॉनसारखा पदार्थ सोडतात हे १९६५ मध्येच दिसलं होतं. जनुकं मात्र २००३ मध्ये हाती लागली.

सतत संसर्गाशी इंटरफेरॉनचा संबंध लागला तो वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या आणि त्यांच्या काळातल्या इतरांच्या कामातून. विषाणूग्रस्त असूनही न मरणाऱ्या संवर्धनांचे ढोबळमानाने दोन प्रकार लक्षात आले. एका प्रकारात जवळजवळ प्रत्येक पेशीत विषाणू असतो आणि तो पेशीला मारत नाही. पेशी दुभंगली की दोन्ही लेकींना वाटा मिळतो. अशा संवर्धनात विषाणूविरोधी प्रतिद्रव्य घातलं तरी फरक पडत नाही, कारण विषाणूला बाहेर यावंच लागत नाही. दुसऱ्या प्रकारात कुठल्याही क्षणी मोजक्याच पेशी ग्रस्त असतात. त्या मरतात, विषाणू सोडतात, पण शेजारच्या बहुतेक पेशी इंटरफेरॉनमुळे आधीच सावध असतात. विषाणूला नवी पेशी गाठायला द्रवातून प्रवास करावा लागतो, म्हणून प्रतिद्रव्य घातलं की तो वाटेत पकडला जातो आणि संवर्धन बरं होतं. या दुसऱ्या प्रकाराला वाहक संवर्धन म्हणू.

वाहक संवर्धनातला तोल मला या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. कोकणातली खारबंदिस्ती डोळ्यांसमोर आणा. बांधामुळे शेत वाचतं, पण खाडी कुठे जात नाही, ती बांधाला लागूनच असते. इंटरफेरॉन संवर्धनाला वाचवतं आणि त्याच कारणाने विषाणूलाही वाचवतं. सगळ्या पेशी मेल्या असत्या तर विषाणूचा वंशही त्या फ्लास्कपुरता संपला असता. पेशी दुभंगत राहतात, नव्या पेशींना इशारा पोहोचायला वेळ लागतो, जुन्या पेशींतला इशारा ओसरतो. त्या फटीतून विषाणूला रोज थोडं खाद्य मिळतं. त्याने थोड्या पेशी मारल्या की इंटरफेरॉन पुन्हा वाढतं.

चाचण्या

पहिली चाचणी आरटी-पीसीआर. रसायनं आल्यावर 'वाचलेल्या' पेशी तपासल्या, त्या पॉझिटिव्ह. शंका काढली गेली, की हा शिमग्याला टाकलेल्या विषाणूचा उरलासुरला आरएनए असेल. इथे साधा हिशेब पुरतो. दर पॅसेजला, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटताना, एकाचे तीन केले तर २० पॅसेजमध्ये मूळ द्रव ३ च्या २० व्या घाताएवढा, म्हणजे सुमारे ३४९ कोटी पट विरळ होतो. इतक्या पाण्यानंतर जे सापडतं ते नव्याने बनत असलेलं असतं.

दुसरी चाचणी प्रतिद्रव्याला चमकणारा रंग जोडून पेशी पाहण्याची. थरात इथे-तिथे विखुरलेल्या थोड्याच पेशी चमकल्या, बाकी काळोख. चित्र वाहक संवर्धनाचं होतं. वरचा द्रव ई-११ पेशींवर टाकला तेव्हा त्या मेल्या, म्हणजे बाहेर पडणारा विषाणू जिवंत आणि मारक आहे. 'वाचलेल्या' पेशींवर तो सौम्य वाटतो, त्याचं कारण त्या पेशींत आहे.

आता मुख्य मुद्दा: द्रवात संरक्षण देणारं काही आहे का? ते तपासायला द्रवातून विषाणू काढायला हवा, आणि नोडाविषाणू इथे भारी त्रास देतो. नेहमीच्या गाळणीची भोकं ०.२२ मायक्रॉनची, म्हणजे २२० नॅनोमीटरची. २५-३० नॅनोमीटरचा कण त्यातून सहज पार होतो. इंटरफेरॉनच्या जुन्या प्रयोगांत द्रव तीव्र आम्ल करून विषाणू मारायचे आणि आम्लाला दाद न देणारं इंटरफेरॉन मागे ठेवायचे. पण हा विषाणूही आम्लात सहजी मरत नाही. म्हणून अतिनील किरणांचा मार्ग धरला. मापात दिले तर ते आरएनए निकामी करतात आणि प्रथिन बरंचसं शाबूत ठेवतात. असा द्रव ई-११ पेशींवर दोनदा फिरवून त्यात जिवंत विषाणू उरला नाही याची खात्री केली.

हा द्रव द्यायच्या ताज्या जिताडा पेशी लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्थेत असलेल्या मत्स्य पेशीरेषांच्या राष्ट्रीय संग्रहाच्या वाटेने नव्याने मागवल्या. त्यांच्यावर द्रव एक दिवस ठेवला, धुऊन काढला, आणि मग दुसऱ्याच कुळातला एक आरएनए विषाणू टाकला. वेगळं कूळ मुद्दाम घेतलं. त्याच विषाणूने परीक्षा घेतली असती तर संरक्षण मिळण्याची इतरही कारणं निघतात: विषाणू चिकटायचे पेशीवरचे ग्राहक अडलेले असतील, अर्धवट जनुकसंचाचे सदोष कण मूळ विषाणूला मागे ओढत असतील. वेगळ्या कुळाच्या विषाणूलाही पेशी दाद देत नसतील तर कारण पेशीतल्या सर्वसाधारण सावधपणात शोधावं लागतं. आणि तसंच झालं. द्रव मिळालेल्या पेशी टिकल्या, न मिळालेल्या गेल्या. द्रवावर आधी प्रथिन पचवणारं एन्झाइम चालवलं तर संरक्षण नाहीसं झालं. डाकूच्या ई-११ पेशींना त्या द्रवाने वाचवलं नाही, आणि इंटरफेरॉन बहुधा आपल्या किंवा जवळच्या जातीच्या पेशींवरच नीट काम करतं, त्याला ते धरून होतं.

एक आक्षेप विद्यार्थिनीनेच काढला, आणि तो योग्य होता. अतिनील किरणांनी निष्प्रभ झालेले विषाणूकण स्वतःच ताज्या पेशींना चेतवून तिथे इंटरफेरॉन तयार करत असतील तर? आयझॅक्स आणि लिंडेनमान यांचा मूळ प्रयोग तरी दुसरा काय होता? म्हणून गोठवलेल्या मारक साठ्यालाही तेवढेच किरण दिले, आरएनएच्या मोजणीने दोन्हींतले कण सारखे केले, आणि तो ताज्या पेशींवर ठेवून पाहिला. संरक्षण मिळालं, पण फिकं. म्हणजे 'वाचलेल्या' पेशींच्या द्रवात कणांखेरीज तयार प्रथिन होतंच. पेशींतल्या एमएक्सच्या आरएनएची पातळीही ताज्या पेशींच्या कितीतरी वर होती.

शेवटची चाचणी सगळ्यात निर्णायक, आणि तिला एक पूर्वाधार होता. तैवानमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये जिताड्याच्या मेंदूपासून काढलेल्या एका पेशीरेषेचं वर्णन केलं. तिच्यात नोडाविषाणू मुळातच सतत वस्तीला होता. सशाच्या रक्तातून काढलेल्या, विषाणूविरोधी प्रतिद्रव्यं असलेल्या सीरमने त्यांनी विषाणूमुक्त जोडरेषा मिळवली, आणि २००६ च्या निबंधात त्या सहवासाचा संबंध इंटरफेरॉनच्या प्रतिसादाशी दाखवला. आम्ही तीच वाट धरली. 'वाचलेल्या' पेशींचे काही फ्लास्क सलग पॅसेज विषाणूविरोधी सीरममध्ये वाढवले, जोडीला काही साध्या सशाच्या सीरममध्ये. विषाणूविरोधी सीरममधले बहुतेक फ्लास्क पीसीआर निगेटिव्ह झाले आणि सीरम काढून घेतल्यावरही तसेच राहिले. त्यांतलं एमएक्स खाली आलं. मग त्यांच्यावर नोडाविषाणू टाकला, आणि थर फाटला.

जन्मतः प्रतिकारक पेशी निवडून आल्याची शक्यता इथे संपली. विषाणू काढून टाकताच त्याच पेशी पुन्हा मरू लागल्या. त्यांना वाचवत होता तो विषाणूनेच चेतवलेला प्रतिसाद.

गणपतीतली नोंद पुन्हा वाचताना

जुन्या मीडियममध्ये दिवसेंदिवस इंटरफेरॉन साठलं होतं. सुट्टीनंतर तो पूर्ण ओतला, पेशी धुतल्या, ताज्या अन्नाने त्या वेगाने दुभंगू लागल्या. इशारा गेला, इशारा न मिळालेल्या नव्या पेशी वाढल्या आणि विषाणूला मोकळं रान मिळालं. थराला पडलेली भोकं ती हीच. मग पुन्हा इंटरफेरॉन साठलं आणि थर सावरला. खात्री करायला आम्ही दोन फ्लास्क जोडीने चालवले, एकाचा मीडियम दरवेळी अर्धाच बदलायचा, दुसऱ्याचा पूर्ण आणि वारंवार. दुसरा लवकरच डळमळला. सतत संसर्ग असलेल्या संवर्धनांत अधूनमधून अशी पडझड येते हे जुने पेशीसंवर्धक चांगलं ओळखून होते. 'मीडियम नेहमी ताजा ठेवा' हा शिकाऊ विद्यार्थ्यांना दिला जाणारा सरसकट सल्ला मला म्हणूनच अपुरा वाटतो. जुन्या मीडियममध्ये पेशींनी एकमेकींना दिलेले निरोप असतात, आणि ते ओतून दिले तर प्रयोगाची परिस्थितीच बदलते.

जे या निष्कर्षात बसत नाही

इंटरफेरॉनला सगळं श्रेय देण्याचा मोह टाळायला हवा. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ मध्ये जपानमध्ये काढलेल्या व्हेरो पेशी 'टाइप-१' गटातलं इंटरफेरॉन बनवूच शकत नाहीत. ती जनुकं त्यांच्या गुणसूत्रातून गळलेली आहेत. बाहेरून दिलं तर मात्र त्या ते वापरतात. तरीही व्हेरोमध्ये अनेक विषाणूंचे सतत संसर्ग उभे राहतात. १९७४ मध्ये हॉलंड आणि व्हियारेआल यांनी व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूचा सतत संसर्ग सदोष कणांच्या मदतीने उभा राहतो हे दाखवलं. हे कण म्हणजे अर्धवट जनुकसंच घेऊन निघालेले, स्वतः वाढू न शकणारे, पण मूळ विषाणूची सामग्री पळवणारे. इतर कामांत तापमानाला नाजूक असे विषाणूचे बदललेले वाणही अशा संवर्धनांत साचत गेलेले सापडले. नोडाविषाणूंच्याच कुळातल्या, कीटकांवरच्या फ्लॉक हाउस विषाणूतही सदोष कणांचा चांगला अभ्यास झालेला आहे. आमच्या फ्लास्कमध्ये ते नव्हते असं मी म्हणणार नाही. त्यासाठी विषाणूच्या आरएनएचं क्रमवाचन करावं लागेल. सीरमची चाचणी इंटरफेरॉनचा वाटा मोठा असल्याचं सांगते, एकमेव असल्याचं सांगत नाही.

आणि नेमकी उलट वाटही आहे. गुरांच्या पातळ विष्ठेच्या आजाराचा बीव्हीडी विषाणू, त्याचा पेशी न मारणारा प्रकार, इंटरफेरॉनला चेतवणारा दुवाच पेशीत मोडून टाकतो आणि निर्धास्त राहतो. वासराच्या सीरममधून तो पेशीसंवर्धनात शिरतो म्हणून त्याची धास्ती जगभर असते. वराहज्वराचा विषाणू त्याच्याच नात्यातला. १९५८ मध्ये जपानी संशोधकांनी तो ओळखायची एक सुंदर रीत काढली. संशयित संवर्धनावर न्यूकॅसल रोगाचा विषाणू टाकायचा. वराहज्वराने पेशीची इंटरफेरॉनची वाट बंद केलेली असेल तर न्यूकॅसल विषाणू नेहमीपेक्षा जास्त थैमान घालतो. म्हणजे एकच युक्ती दोन्हीकडे चालते: शांत दिसणाऱ्या संवर्धनावर दुसरा, ओळखीचा विषाणू टाका. तो दबला तर आत इंटरफेरॉन जागं आहे, तो उफाळला तर कुणीतरी ते झोपवलंय, आणि तो नेहमीसारखा वागला तरच पेशींवर थोडा भरवसा ठेवावा. कोकणातल्या छोट्या प्रयोगशाळेला परवडणारी ही चाचणी आहे. नव्या पेशींच्या प्रत्येक तुकडीवर ती करावी असं मी आग्रहाने सुचवलं आणि ते मान्य झालं.

फ्लास्क आणि मासा

हे प्रकरण फ्लास्कपुरतं राहिलं असतं तर मी ते इतकं लांबवलं नसतं. व्हीएनएनमधून वाचलेला जिताडा खातो, वाढतो, देखणा दिसतो, आणि विषाणू त्याच्या मेंदूत राहू शकतो. प्रजननासाठी ठेवलेल्या अशा माद्यांकडून अंड्यांमार्फत तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो. शरीरात प्रतिद्रव्यं आहेत, मारक पेशी आहेत, फ्लास्कमध्ये त्यातलं काही नाही. म्हणून फ्लास्कमधला तोल जसाच्या तसा माशाला लावता येणार नाही. पण 'मरत नाही म्हणजे विषाणू नाही' हा समज दोन्हीकडे सारखाच घात करतो.

दुसऱ्या गटाच्या नमुन्यांची आरटी-पीसीआर झाली. काही बोटुकलीत विषाणू होता. 'विषाणू आढळला नाही' हा मसुदा रद्द झाला आणि नव्या अहवालात जुन्या चाचणीच्या पॉझिटिव्ह कंट्रोलची गोष्टही स्पष्ट लिहिली. ती लपवावी असं सुचवणारेही होते. मला ते पटलं नाही. उद्या तो गट दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला तर कंट्रोलबद्दल कसं विचारायचं हे त्याला माहीत असायला हवं.

बैठकीत गटाच्या अध्यक्षा ताईंनी विचारलं, "आता जी बोटुकली मरणार नाही, ती ठेवायची की काढून टाकायची?" मी सांगितलं ते असं. मोठी करा, बाजारात विका, खायला काही धोका नाही. पण त्यातला एकही मासा हॅचरीला प्रजननासाठी देऊ नका. त्या पिंजऱ्याची जाळी, बादल्या दुसऱ्या पिंजऱ्याला लावू नका. नवी तुकडी त्यांच्याजवळ सोडू नका, आणि पिंजरा रिकामा झाल्यावर जाळी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. औषध नाही, हेही सांगितलं, कारण कुणीतरी बाटली विकायला येणारच होतं. गटाने ती बोटुकली खाडीच्या मुखाकडच्या एकट्या पिंजऱ्यात हलवली. पुढच्या तुकडीचे पैसे, पीसीआरचा निकाल हाती आल्याशिवाय द्यायचे नाहीत असंही ठरवलं.

'वाचलेल्या' पेशी आता वेगळ्या खोलीत, वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये आहेत आणि लेबलवर विषाणूचं नाव ठळक लिहिलेलं आहे. सीरमने बऱ्या केलेल्या पेशी आणि लखनौहून आलेल्या पेशी दोन ठिकाणी गोठवल्या आहेत, त्यातलं एक ठिकाण घाटाच्या वर. विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा विषय बदलला. सदोष कणांसाठीचं क्रमवाचन ती पुढच्या टप्प्यात करणार आहे.